नाशिकचे विद्यापीठ आणि संशोधकाची पहिली पाच वर्षे

नाशिकहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १० जून १९९८ रोजी ते स्थापन झाले. अभिमत विद्यापीठे वगळली तर राज्यातली वैद्यकीय, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या आणि भौतिकोपचाराची तीनशेहून अधिक महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मराठी मुलाचे हॉल तिकीट नाशिकहून निघते, निकाल नाशिकहून लागतो आणि एम.डी.चा प्रबंधही नाशिकलाच जमा होतो. मात्र एम.डी. झाल्यावर तोच मुलगा एखाद्या महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाला आणि त्याच्या मनात एखादा प्रश्न घर करून बसला, पुढची दहा वर्षे त्या प्रश्नाचा पिच्छा पुरवावा असे त्याला वाटू लागले, तर त्याने कोणाकडे जायचे, याचे उत्तर आपल्या व्यवस्थेत कुठेही नीट लिहिलेले नाही. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय संशोधनाचा गेल्या दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. स्वतंत्र संशोधक केवळ बुद्धीच्या बळावर उभा राहिलेला नाही. सुरुवातीच्या पाच-सात वर्षांत कोणीतरी त्याला वेळ दिला, जागा दिली आणि प्रश्नावरची त्याची मालकी मान्य केली, तेव्हाच तो उभा राहिला. हे कसे करायचे ते आपल्याकडच्या काही माणसांना आणि संस्थांना पक्के ठाऊक होते. नाशिकचे विद्यापीठ जन्मले तेव्हा मात्र हे काम कोणाच्याच वाट्याला आले नाही.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले आणि १८५१ मध्ये त्याची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते. बुद्धी, जिज्ञासा आणि रुग्णांची गर्दी या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या. देशी वनस्पतींच्या तेलाने महारोगावर उपचार करण्याचे त्यांचे प्रयोग त्या काळी पुष्कळ गाजले. पण त्या प्रयोगांच्या मागे ना प्रयोगशाळा होती, ना काम पुढे नेणारा शिष्यवर्ग. उपचार त्यांनी बराच काळ स्वतःपाशीच ठेवला, त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि १८७४ मध्ये ते गेल्यावर ते काम थांबले. दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. ग्रँट मेडिकलमधली प्राध्यापकपदे तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठी राखीव असल्यासारखी होती. एतद्देशीय डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याच्या पायरीवरून विभाग चालवता येत नव्हता, आणि विभाग हाती नसलेल्या माणसाचे संशोधन त्याच्यासोबतच संपते.

त्यानंतर प्लेग आला. ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. तीन महिन्यांच्या आत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. एका खोलीतून लस कशी निघाली याचे कौतुक आपण नेहमी करतो. मला पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १८९९ मध्ये परळचे जुने गव्हर्न्मेंट हाऊस या प्रयोगशाळेला देण्यात आले. प्लेगने सरकारच्या पायाखालची जमीन सरकली होती, म्हणून एका परक्या, लष्करी सेवेबाहेरच्या, डॉक्टरची पदवीही नसलेल्या जीवशास्त्रज्ञाला राजवाडा मिळाला. ती लस टिकली, तिचे उत्पादन वाढले आणि हाफकिन गेल्यानंतरही संस्था चालू राहिली, याचे कारण तो राजवाडा आहे. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले आणि १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी तिचे पहिले भारतीय संचालक झाले. खोली दिल्याने प्रयोग होतो. संशोधनाची परंपरा सुरू व्हायला खोलीच्या पुढे बरेच काही लागते, हा धडा मुंबई सरकारला प्लेगने शिकवला. दुर्दैव असे, की साथ ओसरली की असे धडेही विसरले जातात.

भारतीय अध्यापकांसाठी पहिले मोठे दार उघडले ते मात्र देणगीदारांच्या हट्टामुळे. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतून मुंबई महापालिकेला वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी मिळाली. अट एकच होती: अध्यापक पात्र भारतीय असावेत आणि ते सरकारी सेवेतले नसावेत. परळला के. ई. एम. रुग्णालय आणि शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये सुरू झाले आणि जीवराज मेहता पहिले अधिष्ठाता झाले. ही अट आज वाचताना केवळ राष्ट्राभिमानाची वाटते. तिचा परिणाम त्याहून खोल होता. ज्या वयात ग्रँट मेडिकलमधला भारतीय डॉक्टर एखाद्या इंग्रज प्राध्यापकाच्या हाताखाली सहायक राहिला असता, त्या वयात परळमध्ये तो विभागप्रमुख होऊ लागला. विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा, तिचे बजेट आणि तिथे कोणता प्रश्न घ्यायचा याचा निर्णय त्याच्या हाती आला.

वसंत रामजी खानोलकर याच पिढीतले. गोमंतक मराठा कुटुंबातले खानोलकर लंडनला विकृतिशास्त्रात एम.डी. करून परतले. आधी ग्रँट मेडिकल, मग जी. एस. मेडिकल असा अध्यापनाचा प्रवास करून १९४१ मध्ये नव्याने उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात प्रयोगशाळांचे प्रमुख म्हणून ते गेले. त्यांचे स्वतःचे संशोधन मोठे आहेच. कर्करोगाचा आपल्याकडच्या सवयींशी आणि चालीरीतींशी असलेला संबंध आणि महारोगात नसांवर होणारा परिणाम यांवर त्यांनी मूलभूत काम केले. पण या लेखाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे कर्तृत्व म्हणजे माणसे उभी करण्याची त्यांची पद्धत. कमल समर्थ, म्हणजे पुढच्या कमल रणदिवे, पुण्याच्या. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. तिने डॉक्टर व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. तिने वनस्पतिशास्त्र निवडले आणि पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात पेशीआनुवंशिकीचा अभ्यास केला. लग्नानंतर मुंबईत आल्यावर टाटा मेमोरियलमध्ये खानोलकरांच्या हाताखाली काम करून १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. मग खानोलकरांच्या प्रोत्साहनाने त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. मानवी पेशी शरीराबाहेर वाढवण्याच्या तंत्रात गाय यांचे नाव तेव्हा जगभर होते. त्या परतल्या तेव्हा त्यांच्यासाठी जागा तयार होती. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभारली आणि देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा सुरू केली. उंदरांच्या विशिष्ट जातींवर त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा, त्यातल्या आनुवंशिकतेचा आणि संप्रेरकांच्या भूमिकेचा अभ्यास केला. तो त्यांचा स्वतःचा विषय होता. खानोलकर विकृतिशास्त्रज्ञ होते, आणि शिष्येला त्यांनी आपल्या विषयाचा शेपटा पकडून चालायला लावले नाही.

सत्यवती सिरसाट यांचीही वाट अशीच आहे. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन त्या टाटा मेमोरियलमध्ये आल्या, खानोलकरांकडे डॉक्टरेट केली, लंडनच्या चेस्टर बीटी संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत त्या तंत्राची प्रयोगशाळा चालवली. तोंडातल्या ज्या आजारात जबडा उघडेनासा होतो आणि जो पुढे कर्करोगाकडे नेऊ शकतो, त्याचा अभ्यास त्यांनी पेशीच्या आतल्या रचनेपर्यंत नेला. याच केंद्रात एल. डी. संघवी यांनी मानवी आनुवंशिकीचे काम उभे केले. तीन माणसे, तीन वेगळ्या शाखा, आणि तिन्ही शाखा खानोलकरांच्या विषयाबाहेरच्या. यात योगायोगाचा भाग फार थोडा असावा असे माझे मत आहे. होतकरू माणूस ओळखायचा, त्याला संस्थेत नसलेले तंत्र शिकायला बाहेर पाठवायचे, परत आल्यावर ते तंत्र त्याच्या नावाने संस्थेत रुजवायचे आणि नंतर त्याच्या मार्गातून बाजूला व्हायचे, अशी ती ठरवलेली रीत दिसते. शेवटचा भाग सर्वांत अवघड आहे. ज्येष्ठ प्राध्यापकाचे नाव प्रत्येक पेपरवर असलेच पाहिजे या आग्रहापायी किती तरुण संशोधक कायमचे सहलेखक राहिले, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

परळच्या के. ई. एम.मधली दुसरी एक कथा वैद्यकीय महाविद्यालयांच्या दृष्टीने आणखी बोलकी आहे, कारण ती खास संशोधन संस्थेत घडलेली नाही. काही व्यक्तींचे रक्त कोणत्याही ज्ञात गटाशी जुळत नाही असे तिथे आढळले. वाय. एम. भेंडे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्याचा शोध घेतला, लंडनच्या तज्ज्ञांची मदत घेतली आणि १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो शोधनिबंध आला. जगाने त्या रक्तगटाला मुंबईचे नाव दिले. त्या निबंधाच्या लेखकांत सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया ही नावे आहेत. शोध इथेच थांबला असता तर तो पाठ्यपुस्तकातली एक ओळ म्हणून राहिला असता. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले आणि भाटिया यांनी ते वाढवले. आज ते केंद्र के. ई. एम.च्या आवारातली राष्ट्रीय संस्था आहे. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया या आजारांवर काम करणारी फळी तिथे घडली. सहलेखक असलेल्या तरुणाला पुढे स्वतःचे केंद्र मिळाले, म्हणून एका विचित्र रक्तनमुन्यातून अर्ध्या शतकाचे काम निघाले. पुढे याच महाविद्यालयात औषधशास्त्राच्या शरदिनी डहाणूकर यांनी गुळवेलीसारख्या आयुर्वेदिक वनस्पतींचे आधुनिक कसोट्यांवर संशोधन सुरू केले. काविळीच्या शस्त्रक्रियेआधी गुळवेल दिल्यास काय होते याचा अभ्यास शल्यचिकित्सकांना सोबत घेऊन झाला. त्यांच्या विद्यार्थिनी ऊर्मिला थत्ते यांनी त्या कामाचा धागा पकडून पुढे स्वतःचे क्षेत्र घडवले. मराठी वाचकाला डहाणूकर ललित लेखिका म्हणून अधिक ठाऊक आहेत. त्यांनी विभागात लावलेली ही शिस्तही तितकीच मोलाची आहे.

मग ही रीत राज्यभर का पसरली नाही? स्वातंत्र्यानंतर आपण संशोधन आणि वैद्यकीय शिक्षण यांची हळूहळू फारकत केली. संशोधन परिषदेच्या संस्था, कर्करोग संशोधन केंद्र, पुण्याची विषाणू संस्था अशा स्वतंत्र वास्तूंत संशोधन गेले. महाविद्यालयांकडे रुग्ण आणि वर्ग राहिले. त्यातच एक जुना वारसा येऊन मिसळला. १८५७ मध्ये मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे विद्यापीठे निघाली ती तेव्हाच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायच्या विद्यापीठाने. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना अध्यापन आणि संशोधनाची मोकळीक दिली, पण संलग्न महाविद्यालयांशी त्यांचे नाते परीक्षेचेच राहिले. विजयवाड्याला १९८६ मध्ये आरोग्य विज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठ निघाले, मग तमिळनाडूने आणि कर्नाटकाने ती वाट धरली, आणि १९९८ मध्ये महाराष्ट्राने. तोपर्यंत राज्यातली वैद्यकीय महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, कोल्हापूर अशा निरनिराळ्या विद्यापीठांखाली होती आणि प्रत्येकाचा अभ्यासक्रम आणि वेळापत्रक वेगळे होते. ते एकसारखे करणे ही खरी गरज होती आणि नाशिकच्या विद्यापीठाने ती पुरी केली. मुंबई-पुण्याबाहेर, उत्तर महाराष्ट्रात असे विद्यापीठ यावे हा निर्णयही मला योग्य वाटतो. पण त्याची घडण शेवटी १८५७ चीच राहिली. संलग्न महाविद्यालयातल्या अध्यापकाला हे विद्यापीठ मान्यता देते. त्याला नेमतो कोणी दुसरा, पगार देतो कोणी दुसरा, बढतीचे नियम दिल्लीत ठरतात. अशा माणसाच्या संशोधनाची काळजी घेणे हे कोणाचेच नेमलेले काम उरत नाही.

त्याचे परिणाम मोजता येतात. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांचा २००५ ते २०१४ या दहा वर्षांतला हिशेब मांडला. त्यात ३३२ संस्थांकडून, म्हणजे निम्म्याहून अधिक संस्थांकडून, दहा वर्षांत एकही शोधनिबंध आलेला नव्हता. वर्षाला शंभरहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था अवघ्या २५ होत्या आणि देशाच्या एकूण निबंधांपैकी सुमारे ४० टक्के त्यांच्याच नावावर होते. ही आकडेवारी साऱ्या देशाची आहे. पण महाराष्ट्रातल्या तरुण अध्यापकाच्या नोकरीची घडी पाहिली तर तिचे आश्चर्य वाटेनासे होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकांच्या तात्पुरत्या नेमणुका वर्षानुवर्षे १२० दिवसांच्या होत होत्या. त्या नियमित व्हाव्यात म्हणून अध्यापकांना आंदोलने करावी लागली. नव्या महाविद्यालयाची तपासणी आली की जुन्या महाविद्यालयातले अध्यापक तिकडे पाठवले जात. पाच वर्षे चालणारा रुग्णांचा पाठपुरावा १२० दिवसांच्या नेमणुकीवर कोण सुरू करील? दुसरीकडे नियामकांनी बढतीसाठी शोधनिबंध सक्तीचे केले. २०२२ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला सहयोगी होण्यासाठी चार वर्षांची सेवा आणि किमान दोन निबंध लागत. संशोधनाच्या पायाभूत पद्धतींचा एक ऑनलाइन अभ्यासक्रमही बंधनकारक झाला. यामागचा हेतू चांगला होता. पण वेळ, जागा आणि स्थैर्य न देता निबंध मागितले की अध्यापक जो निबंध लवकर होईल तोच करतो: जुन्या केसपेपरांवरून काढलेला, विद्यार्थ्याच्या प्रबंधातून वेगळा केलेला, पुढे कुठेही न जाणारा. दोन निबंध जमतात, संशोधनाचा कार्यक्रम जमत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की ज्याच्यात धमक असते तो वाट काढतोच, आणि दाखला म्हणून हिंमतराव बावस्कर यांचे नाव घेतले जाते. तो दाखला नीट तपासून पाहू. जालना जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलेला, नुकताच एम.बी.बी.एस. झालेला हा डॉक्टर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, मरत होती. उशाशी बसून, लक्षणांची तासातासाने नोंद ठेवून त्यांनी दाखवले की मृत्यू हृदयावरच्या परिणामाने होतो. १९८२ मध्ये त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्राझोसिन या औषधाचा वापर सुरू झाला आणि चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्युप्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आले. भारतीय वैद्यकातल्या अत्यंत उज्ज्वल कामांपैकी हे एक आहे. पण त्याच कथेत आणखी एक तारीख आहे. विंचूदंशावरचे प्रतिविष प्राझोसिनसोबत देणे आणि नुसते प्राझोसिन देणे यांची तुलना करणारी यादृच्छिक चाचणी बावस्करांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली ती २०११ मध्ये, ७० रुग्णांवर. पहिल्या निबंधापासून तिथपर्यंत २९ वर्षे लोटली. महाडच्या खासगी रुग्णालयात बसून, स्वतःच्या खिशातून जेवढे करता येते तेवढे त्यांनी केले. संख्याशास्त्रज्ञ, सहायक आणि चार जिल्ह्यांतली रुग्णालये हाताशी असती तर ती चाचणी कितीतरी आधी होऊ शकली असती असे मला वाटते, आणि तेवढ्या वर्षांत विंचू चावलेली मुले महाराष्ट्रभर होतीच. बावस्करांचे उदाहरण धमक काय करू शकते ते दाखवते. व्यवस्था नसण्याची किंमत किती असते तेही तेच दाखवते.

राणी आणि अभय बंग यांचे उदाहरणही याच आक्षेपासाठी दिले जाते. जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन हे दांपत्य गडचिरोलीला आले. खेड्यांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीतून ९२ टक्क्यांना स्त्रीरोग असल्याचे १९८९ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मधून जगापुढे मांडले, आणि घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतल्यास बालमृत्यू किती कमी होतात हे १९९९ मध्ये सिद्ध केले. देशाचे आणि जगाचे आरोग्यधोरण त्यातून बदलले. पण हे काम वैद्यकीय महाविद्यालयात घडलेले नाही. त्यासाठी त्यांना ‘सर्च’ ही स्वतःची संस्था उभारावी लागली, म्हणजे वेळ, जागा आणि प्रश्नाची मालकी या तिन्ही गोष्टी त्यांनी स्वतःच स्वतःला दिल्या. प्रत्येक होतकरू सहायक प्राध्यापकाने आधी संस्था काढावी आणि मग संशोधन करावे, अशी अपेक्षा कोणतेही शहाणे राज्य ठेवणार नाही. शिवाय जे पोहोचले ते आपल्याला दिसतात. ज्यांच्या वह्या तिसऱ्या बदलीनंतर बंद झाल्या त्यांची नावे कुठेच नोंदलेली नसतात.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे आणि तो वॉर्डात काम करणारे लोक घेतात. ओपीडीला पाय ठेवायला जागा नाही, रात्रपाळ्या आहेत, शिकवायचे आहे. अशा ठिकाणी संशोधनासाठी वेळ राखून ठेवायचा म्हणजे रुग्णाच्या तोंडचा घास काढण्यासारखे नाही का? या प्रश्नातली कळकळ खरी आहे. पण इतिहास त्याला पाठिंबा देत नाही. के. ई. एम. हे महापालिकेचे, देशातल्या सर्वांत गजबजलेल्या रुग्णालयांपैकी एक. मुंबई रक्तगट तिथेच सापडला, कारण असे रक्त तिथेच येण्याची शक्यता होती आणि ते वेगळे आहे हे ओळखायला फुरसत असलेला माणूस तिथे होता. गर्दीतून प्रश्न सापडतो आणि उत्तर शोधायला आठवड्यातले दोन दिवस लागतात. सर्वच अध्यापकांना ते द्यावेत असे मी म्हणत नाही. विभागात दहा जण असतील तर एकाला ते दोन दिवस पाच वर्षे द्यावेत, त्याचा भार उरलेल्या नऊ जणांवर न टाकता जादा जागा भरून. अध्यापनाचीही यात हानी नाही. ज्याने स्वतः पुरावा गोळा केलेला आहे तो निवासी डॉक्टरला निबंध कसा वाचावा हे शिकवू शकतो. संशोधन खास संस्थांनी करावे, महाविद्यालयांनी त्यात पडू नये, असेही काही जण म्हणतात. त्यांना एवढेच विचारावे लागेल, की त्या संस्थांना रुग्ण कुठून मिळणार. भाटियांचे केंद्र रुग्णालयाच्या आवारात होते, तीच त्याची ताकद ठरली.

राहिला पैशाचा प्रश्न. तो मोठा आहे, पण वाटतो तितका नाही. अमेरिकेत पहिले स्वतंत्र संशोधन अनुदान मिळण्याचे वय चाळिशीपलीकडे सरकल्याचे लक्षात आल्यावर तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २००६ मध्ये खास या टप्प्यासाठी अनुदान सुरू केले: गुरूच्या प्रयोगशाळेत असताना ते सुरू होते आणि स्वतःच्या नोकरीत माणसासोबत जाते. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांच्या सहकार्याने २००८ पासून पाच वर्षांच्या पाठ्यवृत्त्या दिल्या जातात आणि त्यांत डॉक्टरांसाठी वेगळी सोय आहे. पण अशी पाठ्यवृत्ती मिळवायला आधी चांगला प्रस्ताव लिहिता यावा लागतो, महाविद्यालयाकडे चालती एथिक्स कमिटी आणि हिशेब ठेवणारा माणूस असावा लागतो. जिल्ह्याच्या महाविद्यालयातला अध्यापक तिथेच अडखळतो. ही सामायिक सोय पुरवण्याची ताकद महाराष्ट्रात कोणाकडे असेल तर ती नाशिककडे आहे. संख्याशास्त्राचा सल्ला, प्रस्तावलेखनाची मदत, एकत्र वापरता येईल अशी प्रयोगशाळा यांसाठी तीनशे महाविद्यालयांनी तीनशेदा धडपडण्याची गरज नाही. संलग्न विद्यापीठ एवढे करू शकत नाही असे कोणी म्हणाले तर मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये सुरू केलेला रसायन तंत्रज्ञान विभाग आठवावा. परीक्षा घेणाऱ्या त्याच विद्यापीठाने माटुंग्याला देशाच्या रासायनिक उद्योगाची माणसे घडवली. शिवाय विद्यापीठाच्या हाती संलग्नतेचे अधिकार आहेत. पाहणीला गेलेल्या समितीने खाटा आणि खोल्या मोजताना, संशोधन करणाऱ्या किती सहायक प्राध्यापकांना राखीव वेळ दिला आहे, आणि तीन वर्षांत त्यांच्यापैकी किती जणांची बदली झाली, एवढे दोन प्रश्न विचारले तरी महाविद्यालयांचे वागणे बदलू लागेल. जमा होणाऱ्या प्रबंधांचेही तसेच आहे. एकाच विषयावरचे दहा महाविद्यालयांतले प्रबंध एका तरुण अध्यापकाच्या देखरेखीखाली एकाच पद्धतीने झाले, तर विद्यार्थ्यांची तीन वर्षांची मेहनत जोडून मोठा अभ्यास उभा राहतो. त्यासाठी नवा पैसा जवळजवळ लागत नाही.

आणि नाशिकच्या दारात प्रश्नांची वाण नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवणच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून सुदाम काटे यांनी राज्यातल्या आदिवासींमध्ये या आजाराचा माग काढण्यात हयात घालवली, त्या कामाला इथे वारस हवा आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारणी करणाऱ्या मजुरांच्या शरीरावर वीस वर्षांत काय परिणाम होतो, मालेगावच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांचे काय होते, हे प्रश्न बाहेरचा संशोधक एका भेटीत सोडवू शकणार नाही. ते इथे राहणाऱ्या माणसाचे आहेत. कमल रणदिव्यांनी उतारवयात अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला होता. इगतपुरीच्या सीमेला लागून असलेला तो मुलूख. आडगावला मराठा विद्या प्रसारक समाजाचे वैद्यकीय महाविद्यालय १९९० पासून आहे, विद्यापीठाच्या छायेत शासकीय वैद्यकीय शिक्षणही आता नाशिकमध्ये येऊ लागले आहे. २०१५ च्या सिंहस्थात नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांच्या आजारांची नोंद टॅब्लेटवर रोजच्या रोज घेण्याचा मोठा उपक्रम झाला. त्याचा पुढाकार हार्वर्डशी निगडित अभ्यासकांचा होता. तो स्वागतार्ह होता आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. आता २०२७ चा सिंहस्थ आहे. गोदाकाठी जमणाऱ्या लाखोंच्या आजारांचा अभ्यास कोणाच्या नावाने, कोणाच्या प्रश्नावर आणि पुढच्या सिंहस्थापर्यंत कोणाच्या देखरेखीखाली चालेल, हे ठरवायला बारा वर्षांचा कालखंड आयताच मिळतो. त्यासाठी आत्ता तिशीत असलेला, इथेच राहणारा एक सहायक प्राध्यापक निवडून त्याची नेमणूक पक्की करावी लागेल, आणि हा निर्णय म्हसरूळला होऊ शकतो.